साहेब सिक आहेत

"परत म्हण," वहिनीसाहेब म्हणाल्या.

माझ्या हातात चहाचा ट्रे. समोर सोफ्यावर त्यांच्या चार मैत्रिणी. अंगात ताप होता, ट्रेमधले कप एकमेकांवर वाजत होते. मी हळूच एवढंच म्हणाले होते, "वैनीसाहेब, मी सिक हाय. उद्या येनार न्हाई."

"अगं, परत म्हण ना. काय आहेस तू?"

"सिक."

चौघीही हसल्या. एकीला ठसका लागला. वहिनीसाहेबांची मुलगी कॉलेजात जाते, तिला आम्ही दीदी म्हणायचो. तिनं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "मावशी, एकदाच. इकडं बघून." मी बघितलं आणि तिसऱ्यांदा म्हणाले.

मग वहिनीसाहेब डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्यात सिक नसतं गं. तुमच्यात नुसता ताप असतो. गोळी देते, उद्या ये."

मी गेले. दुसऱ्या दिवशी गेटवरचा ड्रायव्हर म्हणाला, "काय सिक मावशी, बरं हाय का?" दीदीनं तो व्हिडिओ सगळ्यांना पाठवला होता.

तो शब्द मी कुठून चोरून आणला नव्हता. बीडमधल्या त्या बंगल्यात सात वर्षं भांडी घासली, फरशी पुसली, भाकरी थापल्या. तिथं तो दिवसभर कानावर पडायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी फसले. आमचं गाव शिरूर कासारकडं. माझी आई 'शिक' म्हणायची नाही, 'सिक' म्हणायची. दसरा झाला की ऊसतोडीला निघायचं. कोयते पोत्यात गुंडाळता गुंडाळता ती म्हणायची, "माझी लेक सिकंल." चौथी झाली आणि मीच कोयता धरला. म्हणून दीदी पलंगावर लोळत फोनवर "आय ॲम सिक" म्हणाली, तेव्हा मला वाटलं, पोरगी आपण शिकलेली आहे असं सांगतेय. खरंच बोलतेय, म्हटलं.

पुढं कळत गेलं. पुण्याला जाताना घाटात तिला उलटी झाली, तर ती कारसिक. होस्टेलवर पहिल्या आठवड्यात रडली, तर होमसिक. तेव्हा डबे भरून अख्खं घर तिला भेटायला गेलं. डबे मीच भरले. मी नऊ वर्षांची असताना पाच-पाच महिने उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहत होते. रोज संध्याकाळी गावाकडच्या दिशेनं तोंड करून बसायचे. त्याला आमच्यात काही नाव नव्हतं. आई म्हणायची, "ऊठ, पानी आन."

एकदा दीदीचे नवे बूट आले. ती ओरडली, "सिक!" मी हातातलं पीठ तसंच घेऊन पळत गेले. "कुटं दुखतंय, दीदी?" त्यावरही आठवडाभर हसणं झालं. आवडलं तरी सिक, ओकलं तरी सिक. वहिनीसाहेब माझ्याकडं बघून फोनवर "सिक ऑफ धिस बाई" म्हणायच्या. त्याचा अर्थ मात्र मला कुणी सांगावा लागला नाही.

आणि साहेबांचा साखर कारखाना. तोही सिक, म्हणजे तोट्यात. हॉलमध्ये माणसं बसायची, मान हलवायची. सरकारनं हात दिला पाहिजे म्हणायची. साहेबांचे डोळे भरून यायचे. लोखंडासाठी रडणारा माणूस मी तिथंच पहिल्यांदा पाहिला. फडावर बाई पोट धरून बसली की मुकादम म्हणायचा, "ऊठ गं, नाटकं नको." कारखाना सिक आणि कारखान्याला ऊस तोडणारी नाटकी.

पण सगळ्यात जास्त तो शब्द गेटवर लागायचा. खेड्यापाड्यातली माणसं साहेबांकडं कामं घेऊन यायची. आतून हुकूम यायचा, "सांग, साहेब सिक आहेत." आजारी म्हटलं की माणसं विचारतात, काय झालं, कधीपासून. सिक म्हटलं की विचारत नाहीत. गप्प होतात आणि चपला घालतात. मी ते सात वर्षं म्हणत आले. माझा उच्चार गेटवर कुणालाच हसण्यासारखा वाटला नाही.

धारूरकडची एक बाई दोनदा येऊन गेली होती. नवरा सरकारी दवाखान्यात पडून. मोठ्या दवाखान्यात हलवायला साहेबांच्या सहीचं पत्र पाहिजे होतं. दोन्ही वेळा मी तिला तेच सांगितलं. दोन्ही वेळा साहेब आत झोपाळ्यावर बसलेले होते.

तिसऱ्यांदा ती भर दुपारी आली. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात सीताफळं.

"मावशी, सायबाचं कसं हाय आता?"

"सिक हायेत," मी म्हणाले. सवयीनं.

"आजून?" ती पायरीवर बसली. "लई दिस झाले की वो. म्या मंगळवारी देवीम्होरं नारळ फोडला त्येंच्यासाठी. म्हनलं, आदी सायब बरे होऊ दे, मंग आमचं मानूस." तिनं सीताफळं माझ्याकडं सरकवली. "डोंगरातली हायेत, गोड हायेत. पर ताप आसंल तर देऊ नका बरं. सर्दी करत्यात."

आतून आवाज आला, "अरे, रस्सा वाढ की बे!" आणि तिघा-चौघांचं हसू. तिनंही ऐकलं. पण तो त्या सिक साहेबांचाच आवाज असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ती पदरानं एकेक सीताफळ पुसत बसली.

मी भित्री बाई आहे. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, मान वर होत नाही. पण त्या वेळी मला माझ्या तोंडाची किळस आली.

"चपला ऱ्हाऊ द्या पायात," मी तिला म्हणाले. "चला."

हॉलमधून तिला थेट जेवणाच्या टेबलापाशी नेलं. साहेबांच्या हातात मटणाची नळी होती.

"सायब, या धारूरच्या बाई. तुमच्यासाठी नारळ फोडून आल्यात. तुमी सिक हाय म्हनून मी यांना तीनदा सांगितलं. खोटं सांगितलं."

साहेब खोकले. खरंच खोकले. एका हातात नळी, दुसरा हात छातीवर. सगळा जिल्हा ज्याला वाकतो, त्या माणसाला एवढंच सुचलं.

ती बाई ताटाकडं बघत राहिली. मग साहेबांकडं. तिनं हात जोडले नाहीत. पिशवीतून कागद काढला आणि ताटाशेजारी ठेवला.

"सही करा."

पाहुणे बघत होते. साहेबांनी सही केली. कागदावर रश्श्याचा अंगठा उमटला. तिनं कागद घेतला, सीताफळंही उचलली. एकसुद्धा ठेवलं नाही. तशीच चपला वाजवत गेली.

स्वयंपाकघरात वहिनीसाहेब माझ्या अंगावर आल्या. "तुला कळतं का तू काय केलंस? यू आर सिक! निघ इथून."

सात वर्षांनी तो शब्द मला मिळाला.

"परत म्हना," मी म्हणाले.

त्यांनी दाराकडं बोट केलं.

"परत म्हना ना, वैनीसाहेब. काय हाय मी?"

मी हात धुतले आणि निघाले.

त्या बाईचा नवरा वाचला का, मला माहीत नाही. पहिल्याच खेपेला मी खरं बोलले असते तर पत्र कितीतरी आधी मिळालं असतं. ते माझ्या अंगावर आहे. ते मी साहेबांच्या अंगावर ढकलणार नाही. त्यांचं त्यांच्याकडं पुष्कळ आहे.

आता दुसऱ्या घरी जाते. तिथं पहिल्याच दिवशी सांगितलं: आजारी पडले तर येणार नाही, आणि गेटवर निरोप सांगणार नाही. निरोप सांगायला तुम्ही स्वतः उठायचं. बाई म्हणाल्या, फारच बोलते ही. हो, बोलते. त्या बंगल्यानं माझं तोंड सात वर्षं गेटला कुलपासारखं लावलं होतं. ते मी काढून आणलंय. पुन्हा कुणाच्या दाराला लावू देणार नाही.