अर्ध्या मिनिटाची गंगामावशी

गंगामावशीच्या जिभेला हाड नाही, हे आम्हा बाजारवाल्यांना पाठ होतं. कामोठ्याच्या बाजारात तिच्या मासळीशेजारी माझी लिंबू-कोथिंबिरीची गाडी, त्यामुळे सकाळच्या पहिल्या शिवीचा मान माझा. "ए दिनानाथ, सरक तिकडं! तुज्या कोथमिरीचा वास माज्या कोलंबीला लागतो!" हे ऐकल्याशिवाय माझी बोहनी होत नसे.

मावशी खाडीकाठची कोळीण. नवरा गेल्यावर पाटी डोक्यावर घेतली ती घेतलीच. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्याचा उद्धार करायची आणि मग गुपचूप दोन बोंबील जास्तीचे टाकायची. नवखं गिऱ्हाईक बिचकायचं, जुनं हसायचं. काही जण तर बोलणी खायलाच यायचे, असं माझं मत आहे.

आमचं कामोठं धरून पनवेलची महापालिका नवीन झाली होती आणि २०१७ साली तिची पहिली निवडणूक व्हायची होती. त्याच सुमारास आमच्या बाजारात गटाराचं पाणी शिरलं. ते उपसायचं सोडून पालिकेचे एक साहेब आम्हाला उठवायला आले. मावशी म्हणाली, "सायब, बूट काढा, या पान्यात घटकाभर उभं रावा, आन मंग सांगा आमी कुठं बसायचं!" साहेब आल्या पावली परत फिरले. मावशीच्या बहिणीचा मुलगा कल्पेश, उरणला बंदरात कामाला असणारा, तो तिथंच होता. त्यानं मोबाइलवर सगळं घेतलं आणि फेसबुकवर टाकलं. संध्याकाळपर्यंत सोसायट्यांच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावशीच.

मग काय, एका पक्षाचे लोक हार घेऊनच आले. मावशीनं एकच विचारलं, "बाजारावर छप्पर आन खाली गटार होनार काय?" ते म्हणाले, "निवडून या, तुम्हीच करा." झाली उभी.

प्रचार कल्पेशच्या फोनवर. भोंगा लावलेली रिक्षा नाही, जेवणावळी नाहीत. मावशी मासे कापता कापता बोलायची, तो टाकायचा. सेक्टरांतल्या, म्हणजे नव्या सोसायट्यांतल्या, बायका खाली लिहायच्या, पाणी चढत नाही, जिन्यात दिवा नाही. मावशी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात. खोटं कशाला बोलू, मला कौतुक वाटलं. ज्या गेटवर वॉचमन तिला पाटीसकट अडवायचा, तिथं आता सेक्रेटरी खाली उतरून तिच्याबरोबर सेल्फी काढायचा.

मतदानाला आठवडा राहिला आणि दुसरा एक व्हिडिओ फिरायला लागला. कुणी काढला देव जाणे. त्यात एका बाईची पाठ दिसते आणि मावशी हात नाचवत ओरडते, "ऐपत नाय त येता कशाला? जावा, भेंडी घ्या! सेक्टरवाल्यांनी नुसता वास घ्यावा!" संपलं. वर लिहिलेलं, 'सेक्टरवाल्यांबद्दल उमेदवाराचे विचार ऐका.'

अहो, ती पाठ वसुंधराबाईंची! दर बुधवारी येणारं जुनं गिऱ्हाईक. मी तिथंच होतो. यानंतर दोघी पोट धरून हसल्या होत्या आणि मावशीनं त्यांच्या पिशवीत बोंबील कोंबले होते. व्हिडिओतून नेमकं तेवढं कापून टाकलेलं. मी तावातावानं माझा व्हिडिओ करून हे सगळं सांगितलं. तो माझ्याच नातेवाइकांनी पाहिला. बाकीच्यांनी लिहिलं, शेजारचा गाडीवाला, तो तिचीच बाजू घेणार.

खरं सांगू शकणारी एकच, वसुंधराबाई. पण त्यांचं सासर पक्कं शाकाहारी, घरात कांदासुद्धा नाही. माहेरी खाल्लेली मासळी जिभेवरून उतरेना, म्हणून त्या आमच्याकडून घेऊन रोडपालीला मैत्रिणीकडे जाऊन खायच्या. घरी कुणाला पत्ता नव्हता.

प्रचार संपायच्या दिवशी त्या मावशीच्या घरी आल्या. मी आणि कल्पेश तिथंच होतो. त्यांचे डोळे सुजलेले. "गंगाताई, माझा व्हिडिओ काढ. ती मी होते, आपली थट्टा चालली होती, हे मी सांगते. माझ्यामुळे तू पडायला नकोस."

कल्पेशनं फोन काढलासुद्धा.

"ठेव तो," मावशी म्हणाली.

"मावशी, एवढा एक टाकला की आपन जिंकतो!"

"आन हिनं कुठं जायाचं? हिची सासू हिच्या हातचं पानी पेनार नाय उद्यापासून. मी पडले त माज्या घरी येईन. बाई, तुमी जावा."

"मग पड!" म्हणून कल्पेश पाय आपटत निघून गेला. आणि मलाही मावशीचा राग आला. छप्पर काय तिच्या एकटीचं होतं? आम्ही सगळे उन्हापावसात बसतो. मी तिला तसं तोंडावर बोललो. ती म्हणाली, "शिव्या दे, पन तिचं नाव काढू नको." मी नाही काढलं.

मावशी पडली. गावठाणानं भरभरून दिलं, सेक्टरांनी पाडलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पाटी घेऊन बसली. सेक्टरांतून जो येईल तो हळू आवाजात म्हणायचा, "मावशी, आमचं मत तुम्हालाच होतं हं." मावशी मान हलवून मासे तोलायची. दुपारी गर्दी सरल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, जाऊ दे, पाच वर्षांनी परत उभी राहा.

"पडल्याचं नाय रं," ती म्हणाली. "इतकी वरसं यांनी माज्या हातचं खाल्लं, दिनानाथ. आन मी कशी हाय, ते यांना मोबाइलला इचारावं लागलं?"