अक्कांचा निळा टब

या जगात कोण कोणाला का धरून राहतं, हे माझ्या थोरल्या साडूंइतकं कोणालाही ठाऊक नसेल. आणि एवढं ठाऊक असूनही घरातलं उरलेलं एकुलतं एक माणूस ज्याला धरून ठेवता आलं नाही, असाही माणूस दुसरा नसेल. मी त्यांच्यापुढे केव्हाच हात टेकले आहेत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. कडावला थोडी भातशेती, दोन म्हशी, आणि रसायनीच्या एका कारखान्यात तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. पण पाळीवरच्या एका साहेबांनी एकदा चहा पिता पिता अणू एकमेकांना कसे धरतात ते खडूने फरशीवर काढून दाखवलं, आणि त्या दिवसापासून हा माणूस कामातून गेला.

त्यांचं शास्त्र ऐकायला सोपं होतं. प्रत्येक अणूला आपल्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉनांची भरलेली पंगत हवी असते, आणि सगळी धडपड त्यासाठीच. सोडियमकडे एक जास्तीचा, क्लोरिनला एक कमी. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, झालं मीठ. खडा कडक, पण हातोडीचा एक घाव बसला की भुगा. साखरेतले अणू देत-घेत नाहीत, दोघांत मिळून वापरतात. तांब्यातले सुटे इलेक्ट्रॉन तर अख्ख्या गावकीचे. म्हणून तांबं ठोका, वाकवा, त्याची तार ओढा, ते सहन करतं. इथपर्यंत कोणाची हरकत नव्हती. पण साडू हे सगळं माणसांना लावत. नात्यातल्या एका मुलीला बघायला पाहुणे आलेले असताना ते मुलीच्या बापाला म्हणाले, "पोरगा मीठ हाय बघा. नुसता घेनारा. आता घट्ट दिसंल, पन एक घाव बसला का भुगा." आवाज त्यांचा कारखान्यातला, मशीनवर मात करून बोलायची सवय, आणि मुलाचा मामा शेजारीच पोह्यांची बशी घेऊन बसलेला. ते लग्न तिथेच मोडलं, आणि पुढे नात्यातल्या पत्रिका अक्कांच्या एकटीच्या नावाने यायला लागल्या.

मला त्यांनी आरगॉन हे एका वायूचं नाव ठेवलं होतं. मी कुंभिवलीचा, एका गोडाऊनवर कारकून. कामावरून घरी, घरातून कामावर, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. "तुमची पंगत पयलीच भरलेली हाय, साडू. तुमाला कुनी लागतच नाय," असं म्हणायचे आणि भर मांडवात पन्नास माणसांसमोर "ओ आरगॉन, जेवन झालं का?" अशी हाक मारायचे. माझी स्वतःची बायकोसुद्धा तेव्हा हसायची.

गावाला मात्र त्यांचा उपयोग होता. फुटका कप, तुटका पाट, उसवलेली चप्पल, काहीही आणून द्या, कशाला कोणता गोंद धरेल ते त्यांना बरोबर कळे आणि दुसऱ्या दिवशी वस्तू धड होऊन मिळे. फक्त पॉलिथिनच्या वस्तूला ते हात लावत नसत. "याच्या अणूंनी लांब साखळ्या करून एकमेकांचे हात धरलेत. एकबी हात रिकामा नाय," ते सांगत. "गोंदानं कुनाचा हात धरायचा रं?" फुटकी बादली घेऊन आलेला माणूस हे ऐकून तीच फुटकी बादली घेऊन परत जाई.

आणि नेमका टबच त्यांच्या मुळावर आला. अक्कांचा एक निळा टब होता. दोन्ही मुलींना त्यांनी त्यात न्हाऊ घातलं होतं. मुली सासरी गेल्यावर तो गच्चीवर उन्हात पडून असायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. त्यात कोणीतरी प्लास्टिकला नावं ठेवली. झालं! साडू धावत गच्चीवर गेले, टब आणला, पालथा घातला आणि पॉलिथिन वाकतं पण तुटत नाही हे दाखवायला त्यावर उभे राहिले. टब काठापासून बुडापर्यंत तडकला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अक्का तिळगुळाचं ताट घेऊन उभ्याच.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? "चुकलं माझं," म्हटलं असतं. साडूंनी पाऊण तास कारण सांगितलं. वर्षानुवर्षं ऊन खाऊन आतल्या साखळ्या कशा तुटतात, म्हणून तो टब खरं म्हणजे आधीच कसा मेलेला होता, ते पाटीवर आकृती काढून सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं, पिशवी भरली आणि म्हणाल्या, "तीस वर्सं कारनंच ऐकतेय. टब जोडून दाखवा, मग येते." त्या मोहोपाड्याला धाकट्या लेकीच्या क्वार्टरमध्ये गेल्या. त्याला आता सव्वा वर्ष झालं.

मध्यस्थी माझ्या गळ्यात पडली. मी मोहोपाड्याला जायचो. अक्का विचारायच्या, "जोडला का?" मी नाही म्हणायचो. "मग चहा घ्या," म्हणायच्या आणि विषय संपायचा. असे मी आठ चहा प्यालो. शेवटी वैतागून साडूंना म्हटलं, कर्जतच्या बाजारात हुबेहूब असाच टब मिळतो, नवा आणू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

एका रविवारी कडावला गेलो तर साडू ओट्यावर टब मांडीवर घेऊन बसलेले. भोवती गोंदाच्या दहा-बारा ट्यूब. बोटं चिकटून बसलेली, तडा मात्र तसाच.

"अहो, याला गोंद धरत नाही हे तुम्हीच ना सांगत होतात?"

"सांगत व्हतो ना," ते खाली मान घालून म्हणाले. "पन म्हटलं, एखाद्या येळेस धरंल."

त्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःच्या शास्त्राविरुद्ध केलेली ती एकच गोष्ट असावी.

पुढच्या आठवड्यात त्यांनीच फोन करून बोलावलं. उलथणं चुलीत तापवून त्यांनी तड्याच्या दोन्ही कडा वितळवल्या होत्या आणि एका निळ्या डब्याच्या झाकणाची पट्टी वितळवून मध्ये भरली होती. सांधा ओबडधोबड होता. "दोन्ही कडा इतळल्या तरच साखळ्या एकमेकीत जातात," ते म्हणाले. "एकच कड इतळून भागत नाय. तुमीच न्या, साडू. येल्डिंगला आरगॉन लागतो. सोता कशात मिसळत नाय, पन सांधा जळू देत नाय."

"निरोप काय सांगू?"

त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला. "सांगा, चूक माझी व्हती. ऊनबिन कायबी सांगू नका."

टब स्कूटरला बांधून मी मोहोपाड्याला नेला. अक्कांनी बादलीभर पाणी त्यात ओतलं आणि सांध्याकडे बघत बसल्या. मी निरोप सांगितला.

"आनि कारन?"

"कारण काही नाही सांगितलं."

अक्कांनी तोंड फिरवलं. नातू मागून येऊन टबात हात घालून पाणी उडवायला लागला, त्यालाही रागावल्या नाहीत. मी वाट पाहत राहिलो. पिशवी कुठे दिसते का म्हणून आतल्या खोलीतही डोकावलो, खोटं कशाला सांगू. थोड्या वेळाने सांध्याखालच्या फरशीवर एक थेंब दिसला. मग आणखी एक.

"गळतोय, भावोजी," अक्का हळूच म्हणाल्या. मग पदराने फरशी पुसली. "राहू दे हितंच. पोराच्या आंघोळीला होईल. बसा, चहा टाकते."

तो नववा चहा मी अर्धा तसाच ठेवून उठलो.

कडावला परतलो तेव्हा साडू ओट्यावरच होते. स्कूटरवर टब नाही हे पाहून एकदम उठले, आणि मागच्या सीटवर अक्काही नाहीत हे पाहून परत बसले.

"पानी ऱ्हायलं?"

"राहिलं. थेंब थेंब येतंय."

"आनि टब?"

"ठेवून घेतला. नातवाला न्हाऊ घालणार आहेत त्यात."

"बरं झालं," ते म्हणाले. ओट्यावरच्या रिकाम्या ट्यूब एकेक करून गोळा केल्या, पिशवीत भरल्या, पिशवीला गाठ मारली. "आता जोडायला बी घरात काय उरलं नाय."

दोन म्हशींना वैरण घालायची राहिली होती, ती मीच घातली. निघायला म्हणून किल्ली काढली तेव्हा त्यांनी मला आरगॉन म्हटलं नाही. "साडू, बसा की जरा," म्हणाले. मी किल्ली परत खिशात टाकली आणि त्यांच्या शेजारी बसलो.