परत काढतील की

माने सर खोटं बोलून गेले. आणि ते खोटं माझ्यासाठी होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. आज तरी लिहायलाच हवं.

मी केंद्रप्रमुख. म्हणजे आसपासच्या शाळांकडून माहिती गोळा करायची आणि वर पाठवायची. सरांची शाळा मोहोळपासून बरीच आत, वस्तीवर. दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीवर चढायचं.

दर शनिवारी सर स्वतःचा मोबाइल पोरांच्या हातात द्यायचे. एका आठवड्याला एक पोर. दोन मिनिटांचा पिक्चर काढायचा, कशाचाही.

एकाने वर्गाबाहेर सोडलेल्या चपलांचा काढला. कुठली चप्पल कुणाची आणि ती किती वेळा शिवली, सगळं सांगत.

मी म्हणालो, "सर, जरा नीट धरायला शिकवा, किती हलतंय."
"हलू द्या की सर. त्यांचं हाय ते."

तिसरीत एक मुलगी होती. खरं नाव लिहीत नाही, सुमन म्हणू. घरी मेंढरं. तिने आईचा पिक्चर काढला.

आई कळपात उभी राहून एकेका मेंढीला नावाने हाक मारते आणि ती ती मेंढी मान वर करते. शेवटी आई पदर तोंडाला लावून हसते. "बास की गं आता! मला काय हिरोईन करतीस व्हय?"

शिक्षण परिषदेत सरांनी तो प्रोजेक्टरवर लावला. सगळे शिक्षक हसले. मीही हसलो. भाषणात 'डिजिटल साधनांतून सर्जनशीलता' असं काहीतरी बोललो. टाळ्याही घेतल्या.

पुढच्याच महिन्यात वरून लिंक आली. प्रत्येक विद्यार्थ्याचा हात धुतानाचा फोटो. आजच्या आज.

फक्त सरांची शाळा भरायची राहिली होती. मी फोन लावला.

"सर, तुमच्यामुळे वरच्या यादीत अख्खं केंद्र लाल दिसतंय."
"मोबाइल फुल्ल झालाय सर. पोरांचे पिक्चर हायत त्यात. उद्या पेनड्राइव्हवर घेतो, मग फोटो काढतो."
"उद्या लिंक बंद होईल. डिलीट मारा. पोरं काय, परत काढतील की."

ते "बरं सर" म्हणाले.

संध्याकाळी मेसेज आला. 'लिंक भरली सर.' मी अंगठा दाखवला.

तीन आठवड्यांनी सुमनची आई साप चावून गेली. सोलापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या घरात आईचा एकही फोटो नव्हता. आधार कार्डावरचा तेवढा, आणि त्यात ती ओळखूही येत नाही.

त्यानंतर मी शाळाभेटीला गेलो होतो. सुमन सरांच्या टेबलापाशी आली.

"सर, आईचा पिक्चर दावा की."

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी हजेरीपट चाळायला लागलो.

"माझ्याकडनं चुकून पुसला गेला बाळा. अंगठा लागला माझा."

"तुमीच म्हनला हुता की, मोबाइलमधलं कायबी जात न्हाय."

सरांनी मोबाइल खिशात ठेवला. मी हजेरीपटाचं पान उलटलं.

त्यानंतर सुमन सरांशी बोलली नाही. हजेरीलाही नुसता हात वर करायची. शनिवारी तिची पाळी आली की मोबाइल तसाच पुढच्या पोराकडे सरकवायची. सर तरी तिचं नाव घ्यायचे. प्रत्येक पाळीला.

सोलापुरात तीन दुकानांत त्यांनी तो मोबाइल दाखवला. काही निघालं नाही. हे मला त्यांच्या मिसेसनी दहाव्याला सांगितलं. ते स्वतः मला एका शब्दाने बोलले नाहीत. एकदा तोंडावर शिव्या घातल्या असत्या, तर मला झोप लागली असती.

मग एके सकाळी शाळेला निघताना, गाडीला किक मारतानाच सरांच्या छातीत कळ आली. गेले.

गेल्या शनिवारी मी वस्तीवर गेलो. सुमन आता पाचवीत आहे. तिला व्हरांड्यात बोलावलं आणि सांगितलं. अंगठा सरांचा लागला नव्हता, मी पुसायला लावलं होतं. लिंकसाठी. हात धुण्याच्या फोटोंसाठी.

मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"मी सरांसंगं बोललेच न्हाय. शेवटपतूर," ती म्हणाली. "तुमी तर हुता की तवा तितंच."

आणि वर्गात निघून गेली.

खाली कमेंटमध्ये 'किती मोठं मन तुमचं' वगैरे कुणी लिहू नका. हात जोडतो.

माने सर, तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत आणि त्या पोरीचा अबोला सोबत घेऊन गेलात. तो माझा होता.

तुम्हाला माझी श्रद्धांजली. एक वर्ष उशिराने.