न पाहता लिहिलेला रोग

"कुठल्या बाईकडून आणलंस हे?"

डॉक्टरांनी मान वर केली नाही. विचारलं मात्र मोठ्यानं. माझ्या मागं रांगेत वीस-पंचवीस माणसं, सगळी भिलाईच्या प्लांटच्या कामावरची. रांग हसली. कंपाउंडर हसला. सांगायला आजही लाज वाटते, पण मीही हसलो. साहेब हसवतो तेव्हा हसायचं, एवढंच तेव्हा येत होतं.

मी काय सांगितलं होतं? बायकोजवळ गेलो की नंतर दुखतं. लिंगाची आग होते, कातडी चिरते, दोन दोन दिवस लघवी करताना डोळ्यांत पाणी येतं. हे कुजबुजतच सांगितलं होतं. आणि मुद्दाम याच डॉक्टरांना. ठेकेदाराच्या दवाखान्यात बाकीचे दिवस हिंदीवाले डॉक्टर असत, हे नागपूरचे मराठी डॉक्टर फक्त बुधवारी यायचे. असलं दुखणं परक्या भाषेत सांगायला माझ्याजवळ शब्दच नव्हते. म्हणून अंगावर काढलं, बुधवारपर्यंत थांबलो. आपल्याकडचा माणूस, समजून घेईल म्हटलं. घेतलं समजून!

"तुम्ही खेड्यातली माणसं. हातात पगार पडला की सुटलात." एवढं बोलून त्यांनी कागदावर लिहिलं, गुप्तरोग. पायजम्याची नाडी सोड म्हणाले नाहीत. कधीपासून, कसं, काही नाही. सुया लिहून दिल्या. पुढच्या बुधवारी बायकोला घेऊन ये, तिलाही टोचावं लागेल, असं बजावलं.

मी भंडाऱ्याकडचा. घरी धानाची शेती, पण चार भावांत ती किती पुरणार? भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला असं कळलं आणि आलो. लग्नाला वर्ष झालं होतं. दुसऱ्या बाईचं मी तोंडही पाहिलं नव्हतं. तरी सुया घेता घेता मीच विचार करू लागलो, कुठून लागलं असेल? कुणाच्या टॉवेलनं? कुणाच्या खाटेवर झोपलो होतो? डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे असणारच. मला राग येतो तो या गोष्टीचा. त्यांनी मला खोटं ठरवलं आणि मीही स्वतःला खोटं ठरवू लागलो.

सुयांनी कमरेखाली गाठी आल्या. दुखणं तसंच राहिलं.

रांगेत आमच्या गावचा एकजण होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या लेबर कॅम्पला कळलं. चहावाल्यानं माझा गिलास वेगळा ठेवला. नळावर बायका माझ्या बायकोला म्हणू लागल्या, आधी आमाले भरू दे. तिनं घरी येऊन काही विचारलं नाही. वाकळ उचलून दुसऱ्या भिंतीला टाकली. मग तिकडूनच म्हणाली, "खरं सांगा, गेलते का कुठी?"

"नाही गेलो."

तिनं तोंड भिंतीकडं केलं.

डॉक्टरांनी घाण ठरवलं म्हणून मी जास्तच धुवायला लागलो. आमच्या गँगचं काम असं होतं: रशियाहून पेट्यांत यायची मशिनं, त्यांच्यावर बोटभर ग्रीस असायचं. ते आधी रॉकेलनं काढायचं, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं. आमच्या अंगाला तोच वास. साबणानं जात नसे. लग्नानंतर बायको जवळ आली की श्वास रोखायची, मला दिसायचं. म्हणून गँगमधले सगळे करत तेच मी करत होतो. डबाभर सोड्याचं पाणी घरी आणायचं, त्यात आणखी पाणी घालायचं आणि आंघोळ करायची. बायकोजवळ जायच्या दिवशी तर सगळीकडे चोळून. लोखंड साफ होतं, तर माणूस का नाही होणार?

पुढचा बुधवार आला. बायको माझ्या पुढं, डोक्यावरून पदर ओढून उभी. डॉक्टरांनी तिला विचारलं, "लग्नाआधी कुठं कामाला होतीस?"

रांग पुढं झुकली. हसायची वाट पाहत होती. बायको पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. तिनं काय केलं होतं? माझ्याशी लग्न केलं होतं. मी पुढं झालो आणि टेबलावरचा माझा कागद ओढून घेतला.

"माही बायको काही सांगनार नाही, डॉक्टरसाहेब. तुमी मले पाह्यलं का? एक डाव तरी? न पाहता कावून लिवलं?"

"तुझी घाण मी बघत बसू?"

"मंग लिवूबी नका."

कंपाउंडरनं दंड धरला. कामावरून नाव कापतील, म्हणाला. मी रांगेकडं तोंड केलं आणि जे कुजबुजत सांगितलं होतं ते मोठ्यानं सांगितलं. माझं लिंग दुखतं, कातडी चिरली आहे, आग होते, यात हसण्यासारखं काय आहे ते मला सांगा. कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूनंही बोललं नाही. आम्ही दोघं चालत घरी आलो.

दुर्गला एक म्हातारे डॉक्टर होते, हिंदीच बोलणारे. त्यांनी आधी दार लावलं. मग कंदील जवळ घेऊन नीट पाहिलं, जांघा दाबून पाहिल्या, लघवी तपासून साखर नाही म्हणाले. कारणं बोटांवर मोजली. कातडी घट्ट असली तर चिरते, बुरशी होते, साखर असते, खडा असतो, मुका मार लागतो, बाईकडूनही लागतं. मग विचारलं, "नहाते किससे हो?"

मी सोडा सांगितला. ते हसले नाहीत. चिरलेल्या कातडीवर बोट न लावता दाखवलं आणि म्हणाले, "बेटा, ये जला है."

नुसतं पाणी, एक मलम, आणि तीन आठवडे बायकोपासून लांब. बरा झालो. इतकं साधं होतं ते. गँगमध्ये आणखी तिघं तसलेच निघाले, लाजेनं गप्प बसलेले. सोड्याचा डबा मी सगळ्यांसमोर नालीत ओतला.

दुर्गच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी दवाखान्यात गेलो, रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढं चढवलेला गुप्तरोग खोडा म्हणालो. लिहिलेलं खोडत नाहीत, असं उत्तर मिळालं. माझी बदली गिट्टी फोडायला झाली. त्याआधीच गावी कळून सासरे येऊन बायकोला घेऊन गेले होते. धान कापून झाल्यावर ती परत आली. नांदली, पोरं झाली. पण कधी मला उशीर झाला की ती माझ्याकडं एकदा बघायची, आणि ते बघणं मी ओळखायचो. ते माझ्या घरात त्या टेबलावरून आलं होतं. त्याला कुठलं मलम नव्हतं.

तेव्हापासून आमच्यातला कुणीही दवाखान्यात निघाला की मी बरोबर जातो. खाडा पडला तर पडला. टेबलाला लागून उभा राहतो, बाहेर जा म्हटलं तरी हलत नाही. डॉक्टर पेन उचलतात, मी त्यांच्या हाताकडं बघतो. माणूस तपासल्याशिवाय तो हात कागदावर टेकू देणार नाही.