पेणच्या हॉलमधलं बेअरिंग

चहा गार होऊ देऊ नका, ही गोष्ट ऐकताना तो घोटाघोटानेच प्यावा लागतो. पेणच्या भरल्या हॉलमध्ये मी जी माती खाल्ली ना, तिच्यावर माझी बायको रोह्याला परतताना नागोठणं मागे पडलं तरी हसत होती!

झालं काय, माझी मुलगी सायली संगीत रचते. गाणी नव्हेत हां, मलाही आधी तसंच वाटलं होतं.

"म्हणजे सिनेमाचं?"

"नाही बाबा. शास्त्रीय, पण आजचं. तालवाद्यं, आवाज आणि इलेक्ट्रॉनिक्स."

म्हटलं, चला, इलेक्ट्रॉनिक्स आहे तर निदान त्यातलं मला कळेल. देवा, तेवढं कळलं नसतं तर किती बरं झालं असतं!

तिची ही पहिलीच मोठी रचना. मुंबईहून तिचे गुरुजी येणार होते. पण तिने आदल्या दिवशी बजावलं ते मला. "बाबा, शाळेच्या गॅदरिंगपासून तुम्ही दरवेळी मधेच उठून शिफ्टला गेलात. ह्या वेळी शेवटपर्यंत ऐका. मला बाकी काही नको."

आता रिटायर माणसाला कसली शिफ्ट? मी शब्द दिला.

पण मी कंपनीत मेंटेनन्सला होतो, हे लक्षात घ्या. आमचा एक नियम. मशीनचा आवाज बदलला की आधी बंद करायचं, चौकशी मागून. विचार करत उभा राहिला त्याचा हात गेला म्हणून समजा. माणूस रिटायर होतो, कान होत नाहीत. शेजारच्यांचा मिक्सर जळायच्या आधी मी त्यांना जाऊन सांगतो. ते काही आभार मानत नाहीत, ते सोडा.

हॉलमध्ये मी सवयीने विजेच्या बोर्डाजवळची खुर्ची धरली. स्टेजवर ढोल, पितळेची परात, चार मोठे स्पीकर, लॅपटॉप, आणि सायलीच्या मांडीवर चक्क एक उशी! मला वाटलं, बसून पाठ दुखत असेल पोरीची.

दिवे मंद झाले. सायली उशीवर बोटांनी वाजवायला लागली. इतकं हळू, की ऐकायला पुढे वाकावं लागलं. तिची गायिका मैत्रीण नुसतीच कुजबुजत होती, "श्श… थांब गो… थांब…" आणि मग स्पीकरमधून तो आवाज सुरू झाला.

घर्रर्र… खर्रर्र… मधेच अडकल्यासारखा, मग शिट्टी, मग पुन्हा घर्रर्र! माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज वाढतच चालला.

मी बायकोच्या कानात म्हटलं, "काहीतरी गेलंय."

"गप बसा ओ."

"अगं, ती गाणारी पोरगी पण थांब थांब म्हणते! कोणी ऐकत नाय तिचं!"

"अहो, नका उठू, मी सांगते…"

पण सांगेपर्यंत थांबतो तो मेंटेनन्सवाला कसला? मी उठलो आणि मेन स्विच खाली ओढला. खटॅक!

हॉलभर काळोख. घर्रर्र बंद. मी विजयी आवाजात ओरडलो, "घाबरू नका! बेअरिंग गेलंय! ग्रीस संपलंय, मशीन जुनाट हाय, भंगारात काढायच्या लायकीचं!"

काळोखातून सायलीचा आवाज आला. "बाबा?"

"व्हय गो, मीच. बंद केलंय मी, तू लांब हो!"

"बाबा, मशीन नाही ते. तुम्ही आहात. दिवाळीत दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा फोनवर घेतलं, आणि ताणून मोठं केलं."

अख्खा हॉल हसला. तिचे गुरुजी तर म्हणे खुर्चीवरून पडायचे राहिले. बायको म्हणाली, "इतकी वर्षं सांगत होते, घोरता तुम्ही. नाय म्हणत होतात ना?"

मी स्विच वर केला आणि खाली मान घालून बसलो. सायलीने पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

आणि आता मला ते ऐकू यायला लागलं. आमचं दोन खोल्यांचं घर. मी नाइट करून आलेला, दिवसभर आडवा. पोरीला तबल्याचं वेड, आणि तिची आई म्हणायची, "श्श, थांब गो, बाबा झोपलेत." म्हणून ती उशीवर वाजवायची. मला वाटायचं, किती शहाणी पोर, आवाज म्हणून नाही! ती माझ्यापासून चार हातांवर रोज वाजवत होती आणि मला पत्ता नव्हता. बायकोने न बघता माझा हात धरला.

मग घोरणं थांबलं. स्पीकरमधून कडीचा आवाज आला, चपलांचा, स्कूटरच्या किकचा. स्कूटर लांब गेली. मी शिफ्टला निघालो होतो.

आणि काय सांगू! सायलीने उशी भिरकावून दिली आणि ढोलावर तुटून पडली. परात घणघणली, मैत्रीण मोकळ्या गळ्याने गायला लागली. असा आनंद, की हॉलमधली माणसं बसल्या जागी डोलायला लागली. शेवटपर्यंत ऐकायचा शब्द दिला होता. पाळला. आणि तेव्हा कळलं, ह्या रचनेतला सगळ्यात सुखाचा भाग मी घराबाहेर पडल्यावर सुरू होतो!

संपल्यावर सगळा हॉल उभा राहिला. सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होतं, विचारा. माझी बायको!