साळवेभाऊंनी गाळलेलं नाव

राहात्याला कचेरीसमोरच्या लिंबाखाली अर्ज लिहून देणाऱ्या यशया साळव्यांचं टेबल एकतीस वर्षं मांडलेलं आहे. वारसाची नोंद असो की नवऱ्याविरुद्धची तक्रार, आसपासच्या गावातली बाई आधी साळवेभाऊंकडे येणार. पद्धत ठरलेली. माणूस बोलेल तसं आधी वहीत उतरवायचं, त्याच्याच बोलीत. मग टाईप करायचं, मोठ्यांदा वाचून दाखवायचं आणि मगच अंगठा घ्यायचा. वाचताना त्यांचा आवाज असा लागायचा, की निम्मा न्याय तिथंच मिळाला असं अर्जदाराला वाटावं.

दोन वर्षांपूर्वी मुक्ताबाई अशीच आली होती. कॉलेजात जाणारी लेक संस्कृती ओढणीनं तोंड झाकून, गर्दीकडं पाठ करून उभी. समर्थ नावाचा पोरगा रोज तिच्या स्कुटीमागं यायचा, वेगवेगळ्या नंबरवरून फोन करायचा, वर्गाबाहेर थांबायचा. साळवेभाऊंनी सगळं वहीत उतरवलं, नावासकट. टाईप करताना मात्र हात थबकला.

समर्थ हा छगनरावांचा मुलगा. छगनराव रोज चार वाजता याच टेबलाशी चहा पिणार. साळव्यांच्या मुलाला, डॅनीला साखर कारखान्यात चिकटवलं तेही त्यांनीच. साळवेभाऊंनी टाईप केलं, 'एक अनोळखी इसम'. आणि वाचून दाखवताना भल्या माणसानं खुशाल 'समर्थ छगन' असं वाचलं! मुक्ताबाईनं विश्वासानं अंगठा दिला, अर्ज आत दिला आणि शिक्का मारलेली प्रत घरी पेटीत घडी घालून ठेवली.

साळवेभाऊंनी स्वतःची समजूत घातली होती, की पोरीचं नाव चारचौघांत नको, छगनरावांच्या कानावर घालू, मिटेल. कानावर घातलंही. छगनराव हसून म्हणाले, "पोरंच ती!" चहा झाला, विषय संपला. अनोळखी माणसाला शोधणार कोण? अर्ज तसाच राहिला.

यंदा समर्थनं रस्त्यात स्कुटी आडवी पाडली. संस्कृतीच्या उजव्या हातात सळई घालावी लागली. तिचं वर्ष बुडालं. गुन्हा आता नोंदला, पण समोरचा वकील तोच जुना अर्ज फडकवतो आहे. तेव्हा अनोळखी होता, मग आता वैरापोटी नाव घेताय काय?

हे साळवेभाऊंना सांगितलं रेश्मा वकिलांनी. विधी सेवा समितीकडून संस्कृतीला फुकट मिळालेली ही वकील. पोरगेलीच दिसायची, पण टेबलासमोर बसली ती थेट मुद्द्यावर.

"काका, तुम्ही आधी वहीत लिहिता, असं ऐकलं. त्या दिवसाची वही आहे?"

"बघावी लागंल," साळवेभाऊ म्हणाले. वही घरी फडताळात बायबलशेजारी होती. दोन वर्षांत ती त्यांनी एकदाही उघडली नव्हती, आणि कुठं आहे हे एक दिवसही विसरले नव्हते.

चार वाजता छगनराव आले; वहीची चौकशी त्यांच्या कानावर आधीच गेली होती. "हरवली म्हण," एवढंच बोलले. मग सावकाश बशीत चहा ओतत म्हणाले, "डॅनी बरा हाय ना कारखान्यात?"

साळवेभाऊंना त्या दिवशी चहा गेला नाही. स्वतःची इतकी शिसारी त्यांना कधी आली नव्हती. धमकी छगनरावांनी आज दिली. ती द्यायच्या आधीच दोन वर्षांपूर्वी आपण घाबरलो होतो, आणि त्या घाबरण्याला पोरीची काळजी असं गोड नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र टाईप करायला घेतलं. एकतीस वर्षांची सवय! पहिल्या झटक्यात उमटलं, 'नजरचुकीने नाव राहून गेले'. त्यांनी कागद ओढून काढला, फाडला. दुसरा घातला आणि टाईप केलं, 'नाव मला सांगितले होते. ओळखीपोटी व मुलाच्या नोकरीपोटी मी ते मुद्दाम गाळले. वाचताना मात्र नाव घेऊन अर्जदारास फसवले.'

दुपारी रेश्मा वकील मायलेकींना घेऊन आली. संस्कृती या वेळी तोंड न झाकता उभी होती. साळवेभाऊंनी वही आणि प्रतिज्ञापत्र पुढं ठेवलं; तिनं डाव्या हातात कागद धरून वाचला. साळवेभाऊ मान खाली घालून म्हणाले, "माफ कर पोरी."

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कागद परत त्यांच्याकडं दिला. "आईला वाचता येत नाही. तुम्हीच वाचून दाखवा. मागल्या वेळी दाखवलं होतं तसं."

मुक्ताबाई पुढं सरली. "व्हय भाऊ, वाचा. कागदात नाव न्हाई आसं ही तवाच म्हनली हुती, पर तुमी वाचल्यालं मी कानानं ऐकलं हुतं; हिला कवाची म्हनत्येय, तुझंच वाचायचं चुकलं आसंल. आमचं साळवेभाऊ असं करायचं न्हाईत."

साळवेभाऊंनी वाचायला सुरुवात केली. तो सुप्रसिद्ध आवाज काही लागेना. 'मुद्दाम गाळले' या शब्दांपाशी थांबले आणि पुढचंही वाचलं. आज कागदावर होतं तेवढंच, तसंच वाचलं. चहाला येऊन पलीकडच्या बाकड्यावर बसलेले छगनराव उठून उभे राहिले होते. साळव्यांनी तिकडं पाहिलं नाही.

साळवेभाऊ शिव्या ऐकायला तयार होते, खरं तर आसुसले होते. पण मुक्ताबाईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लेकीचा सळई घातलेला हात अलगद दोन्ही हातांत घेतला.

"तू सांगितलं हुतंस गं बाई," ती म्हणाली. "आन् मी दोन वर्सं तुलाच बोलत आले."