चौकशीचा माणूस

रिसोडला वाशीम रस्त्यावर उकंडराव मिस्तरींचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर असो, पंप असो, की सोयाबीन काढायचा हडंबा असो, आत गेलेलं यंत्र दुरुस्त होऊनच बाहेर पडतं. पण उकंडरावांची खरी कीर्ती वेगळीच. पंचक्रोशीत कुठल्याही पोराचं लग्न जुळायचं असलं की मुलीकडचे चौकशीला त्यांच्याकडे येतात आणि समाधानानं परत जातात. पोरगं भांडकुदळ असलं तर उकंडराव सांगतात, 'मनात काही ठेवत नाही'. आळशी असलं तर 'शांत हाय'. काहीच करत नसलं तर 'घरचं पाह्यते'. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं शास्त्र. एक नियम मात्र ते कडक पाळतात. चौकशी करणाऱ्याला 'तुम्ही कोण, कुठले' असं विचारायचं नाही. लोक अशा कामाला गुपचूप येतात, त्यांना उघडं कशाला पाडायचं?

इतक्यांचे संसार लावून देणाऱ्या या माणसाच्या पदरी एकच अपयश होतं. ते म्हणजे हरीओम. धनजचा हा पोरगा आयटीआय करून त्यांच्या हाताखाली आला आणि इथलाच झाला. तिशी उलटली. व्यसन नाही, हातात कला. पण मुलीकडच्यांना हवा खुर्चीवर बसणारा, आणि तोही पुण्यात. हरीओमचे ग्रीसनं काळे झालेले हात दिसले की पाहुणे अर्धा चहा ठेवून उठत.

शेवटी हरीओमनं लग्नाचा नाद सोडला आणि ऑस्ट्रेलियाचा धरला. तिकडच्या एका शेतीवाल्या राज्याला यंत्रं दुरुस्त करणारी माणसं हवी होती. व्हिसाच्या आधी त्या राज्याच्या सरकारनं तुमचं नाव सुचवायला हवं. त्यासाठी माणूस खरोखर हातानं काम करणारा पाहिजे, आणि मोठ्या शहराकडे न पळता तिथल्या लहान गावात टिकणारा पाहिजे. हरीओम इंग्रजीच्या परीक्षेत आधी आपटला, मग तरला. उकंडरावांच्या सहीचं अनुभवाचं पत्रही गेलं.

"उस्ताद, सरकारचा फोन येईन तुमाले," त्यानं बजावून ठेवलं.

उकंडराव तयारच होते. पण सरकार म्हटलं की त्यांच्या कानात तहसील कचेरीतला आवाज घुमायचा. आणि फोनवर आली ती एक गोड आवाजाची बाई, शुद्ध मराठी बोलणारी.

"नमस्कार काका, मी मंजुषा. हरीओम यांची जरा चौकशी करायची होती. मी दुभाषी म्हणून..."

चौकशी! आणि वर काका! उकंडरावांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "कोण, कुठल्या, काही सांगू नका बाई. आपल्याकडं तशी पद्धत नाही. तुमी फकस्त इच्यारा."

"बरं. हरीओम तुमच्याकडे काम काय करतात?"

"काम? काम कायले करीन तो? खुर्चीवर बसते, वर पंखा. पान्याले हात लावत नाही."

"पण पत्रात तर इंजिन खोलतात असं लिहिलंय."

"कागदाचं काय घिऊन बसल्या! कागदावर लिवा लागते तसं."

पलीकडे काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. मग बाईंनी विचारलं, "लहान गावात राहायला त्यांना आवडतं का?"

"छ्या! लहान गावात त्याचा जीवच लागत नाही. मोठ्या शहराचीच हौस. आता तुमीच सांगा, पोहे खायले कवा येता?"

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "नाही काका, आम्हाला येता येणार नाही."

किती मर्यादेची माणसं, असं वाटून उकंडराव खूश झाले. घरी जाऊन त्यांनी बायकोला, मनकर्णाबाईंना, सांगितलं, "आपल्या हरीओमचं जमलं समज. पोरीची मामी होती वाटते."

मामीच्या सरकारचा मेल दोन दिवसांनी हरीओमला आला. पत्रात एक आणि फोनवर दुसरंच, हे कसं? एकदा पुन्हा फोन करू, तोवर अर्ज थांबवला आहे. हरीओमनं तो मेल जसजसा वाचून दाखवला तसतसे उकंडराव खाली बसत गेले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"अरे, सरकार कदी काका म्हंते काय?" ते कसेबसे म्हणाले.

हरीओम आधी पोट धरून हसला. मग हसू ओसरलं आणि तो पाना हातात घेऊन नुसताच बसून राहिला. ते मात्र उकंडरावांना पाहवेना.

"पुन्हा फोन आला तर खरं सांगजा, उस्ताद," तो म्हणाला. "बाकी काही नको."

खरं सांगायचं! हे काम उकंडरावांनी कधी केलंच नव्हतं. फोन आला तेव्हा हरीओम उठून रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर गेला. उकंडरावांनी आधी हात पुसले, मग चष्मा लावला. फोनवर बोलायला दोन्हींची गरज नव्हती.

"बाई, मांगच्या टायमाले मी सारं खोटं बोललो," त्यांनी सुरुवात केली. "मले वाटलं सोयरीक हाय. त्याचे हात काळे हायेत. साबणानं निघत नाही ते. हंगामात हडंबा बंद पडला तर हा वावरातच खोलून बसते, जेवाचीबी सुद राह्यत नाही. मी शिकवलं त्याले, पण आता माह्यापेक्षा बरा हाय."

हे वाक्य त्यांनी आजवर बायकोपाशीही उच्चारलं नव्हतं.

"आणि लहान गावाचं?"

"इथंच तं हाय इतके वर्सं! पुण्याच्या कंपनीनं बोलावलं होतं. बॅग भरूनबी गेला नाही."

"का गेले नाहीत?"

उत्तर जिभेवर तयार होतं. हरीओमनंच तेव्हा दिलं होतं ते: पुण्याचं पाणी मानवत नाही. उकंडराव तेच सांगणार, एवढ्यात थबकले. हरीओम तोवर पुण्याला गेलाच कुठे होता पाणी प्यायला? त्याच वर्षी उकंडरावांचा उजवा हात लुळा पडला होता. पाना धरवत नव्हता. हरीओम गेला असता तर वर्कशॉपला कुलूप लागलं असतं. सगळ्या जिल्ह्याला थापा मारणाऱ्या माणसानं त्या पोराची एवढीशी थाप इतकी वर्षं खरी मानली होती.

त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"माह्यासाठी राह्यला, बाई."

"काका, असंच लिहू?"

"लिवा. जसंच्या तसं."

राज्याचा होकार आला तेव्हा कापूस वेचणीला आला होता. मनकर्णाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. हरीओम मात्र मोबाइल खिशात घालून दारातच घुटमळत राहिला. नजर उकंडरावांच्या उजव्या हाताकडे.

"उस्ताद, मी म्हंतो राहू द्या. तिकडचं पाणी मले मानवते का नाही, काय मालूम."

उकंडरावांनी मान वर केली नाही. डाव्या हातानं नट आवळत ते म्हणाले, "मानवते. मी चौकशी केली हाय."